सेंट्रल पार्कमधला चौथा पुतळा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवरचा लेख आवडला. मात्र तेथील 'मॉल' या एल्म वृक्षांनी झाकलेल्या रस्त्यावरच्या साहित्यिकांच्या पुतळ्यांविषयी लिहिताना शेक्सपिअर, वॉल्टर स्कॉट आणि रॉबर्ट बर्न्स यांची नावे आली आणि त्याच रांगेतला चौथा, खुद्द अमेरिकेचा कवी फिट्झ-ग्रीन हॅलेक, राहून गेला. लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही. गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला असताना मीही दोनदा त्याच्यासमोरून न बघताच पुढे गेलो होतो.

तिसऱ्या खेपेला गुडघ्याने असहकार पुकारला म्हणून जवळच्या बाकावर टेकलो, तेव्हा कुठे नीट पाहणे झाले. खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले ब्राँझचे गृहस्थ, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात वही आणि चेहरा असा की ओळ सुचली आहे, पण शेवटचा शब्द अडला आहे. अर्ध्या तासात तीन कुटुंबांनी तेथे फोटो काढले. एका मुलाने 'हे कोण?' असे विचारताच वडिलांनी चौथऱ्यावरचे नाव वाचून दाखवले आणि मंडळी शेक्सपिअरकडे वळली.

हॅलेक (१७९०-१८६७) हा कनेक्टिकटमधील गिलफर्डचा. धनाढ्य व्यापारी जॉन जेकब ॲस्टर यांच्याकडे त्याने वर्षानुवर्षे खासगी चिटणिसाचे काम केले आणि नोकरी सांभाळून कविता लिहिल्या. १८१९ मध्ये जोसेफ रॉडमन ड्रेक या मित्रासोबत त्याने वृत्तपत्रात लिहिलेल्या टोपणनावाच्या विनोदी कवितांनी न्यूयॉर्कला हसवले. पुढच्याच वर्षी ड्रेक अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. ग्रीक स्वातंत्र्यवीर मार्को बोझारिस याच्यावरील हॅलेकची कविता तर अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांकडून तोंडपाठ म्हणून घेतली जात असे. काही नावे मरण्यासाठी जन्मत नाहीत, अशा अर्थाच्या ओळी त्याच कवितेत आहेत, हा योगायोग मात्र जरा क्रूरच म्हणायचा.

शिल्पकार मॅकडोनाल्ड यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण १५ मे १८७७ रोजी झाले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रदरफोर्ड हेज स्वतः आले होते, ज्येष्ठ कवी विल्यम कलेन ब्रायंट होते आणि लोटलेल्या हजारोंच्या गर्दीने बागेतली झाडेझुडपे तुडवली. कवीच्या पुतळ्यासाठी एवढी झुंबड उडाल्याचे वाचून हेवा वाटतो. पण आज अमेरिकेचा थोर कवी मानला जाणारा वॉल्ट व्हिटमन त्या दिवशी हयात होता आणि त्याचा 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह प्रसिद्ध होऊन बावीस वर्षे झाली होती. तर मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट गावी आपल्या घरात आज तितकीच थोर मानली जाणारी एमिली डिकिन्सन कविता लिहीत होती, ज्यांपैकी तिच्या हयातीत छापल्या गेलेल्या कविता बोटांवर मोजण्याइतक्याच. बरोबर नऊ वर्षांनी, १५ मे रोजीच, ती वारली. हे दोघेही त्या रांगेत नाहीत. पुतळा उभारणाऱ्यांनी फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. ज्याच्या ओळी त्यांना तोंडपाठ होत्या आणि ज्याला त्यांच्यापैकी अनेक जण ओळखत होते, त्याचाच सन्मान त्यांनी केला. चुकले ते एवढेच की ब्राँझवर विसंबून पुढच्यांनी वाचणे सोडले.

हा पुतळा हलवावा किंवा त्या जागी दुसऱ्या कोणाला बसवावे, असे मला वाटत नाही. कोणे एके काळी एका शहराला काय आवडत होते, याचा तो खरा पुरावा आहे. माझी विनंती आपल्या पुरवणीपुरतीच आहे. पुढील अंकात हे चौथे नाव द्यावे आणि जागा असल्यास ड्रेकच्या मृत्यूवर हॅलेकने लिहिलेल्या छोट्या कवितेचा अनुवाद छापावा. मित्राच्या थडग्यावरचे गवत हिरवे राहो, अशी सुरुवात असलेली आणि 'तुला ओळखणाऱ्या प्रत्येकाने तुझ्यावर प्रेमच केले' असे साध्या शब्दांत सांगणारी ही कविता आजही वाचावीशी वाटते. पुतळ्याचे छायाचित्र नाही छापले तरी चालेल. ती रोज पुष्कळ निघतात.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे