चुरीच्या (बारीक) संत्र्यांची वाईन शिकवण्याची सोय करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संत्र्याचे भाव पडल्याच्या आणि रस्त्याच्या कडेला संत्री ओतून दिल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात हंगामात येत असतात. त्यांच्या पाठोपाठ मोबाइलवर एक कृती फिरू लागते. संत्री सालीसकट मिक्सरमधून काढा, उकळा, साखर आणि बेकरीचे यीस्ट घाला, बरणीचे झाकण घट्ट लावा, तीन आठवड्यांत घरची वाईन तयार! आमच्या बचत गटाच्या ग्रुपवरही ती आली आणि एकदोघींनी मला विचारले, "काकू, करून पाहू का?" मी वरुड तालुक्यातली संत्रा बागायतदार. त्यांना जे सांगितले ते इथे सविस्तर लिहिते, कारण ही कृती जवळपास प्रत्येक पायरीवर चुकीची आहे आणि एका ठिकाणी तर जिवावर बेतणारी आहे.

आधी कायद्याचे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्यात गुन्हा आहे, मग ते विकायला असो की घरी प्यायला. संत्र्याचा रस आंबवून केलेली वाईनही त्यातच येते. म्हणून कोणीही आपल्या स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नये, हे मी गटात स्पष्ट सांगितले आणि इथेही सांगते.

मग मला हे कसे येते? माझी मुलगी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहते. संत्रा पिकवणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावे. १८७३ साली एलायझा टिबेट्स या बाईंनी तिथे बिनबियांच्या नेव्हल संत्र्याची झाडे लावली, आणि कॅलिफोर्नियाचा सगळा नेव्हलचा धंदा त्यातून उभा राहिला. त्यांतले एक झाड आजही जिवंत आहे. सायला या किडीपासून वाचवण्यासाठी त्याच्यावर जाळीचा मांडव घातला आहे. ही सायला म्हणजे आपल्या नवतीवर, कोवळ्या पालवीवर, येते तीच. तिच्यामुळे पसरणाऱ्या रोगाच्या भीतीने तिथे परसातल्या झाडाची फळे अंगणाबाहेर न्यायला बंदी आहे. शेजाऱ्याला टोपलीभर संत्रीसुद्धा देता येत नाहीत. झाड तर फळांनी लगडून जाते. म्हणून मुलीच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दर हिवाळ्यात आपल्या गॅरेजमध्ये संत्र्याची वाईन करतात. अमेरिकेत घरापुरती वाईन करायची मुभा आहे. दोन सज्ञान माणसे असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास. विकता मात्र येत नाही, आणि भट्टी लावून गाळायला साफ मनाई. मी त्यांच्या बाजूला उभी राहून, विचारून विचारून सगळे शिकून घेतले.

पहिला धडा फळाचा होता. वाईनला कसेही फळ चालते, सडके असले तरी आंबवायचेच तर आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खोटे आहे. निळी-हिरवी बुरशी आलेले, गळून ओलीत पडलेले, देठाशी मऊ झालेले फळ वेचून बाजूलाच काढायचे. त्याची चव शेवटच्या थेंबापर्यंत मागे राहते. चालते ते आकाराने लहान, पण पूर्ण पिकलेले आणि टणक फळ. म्हणजे आपली चुरी! व्यापारी क्रेट भरताना जी वेगळी काढून मातीमोल भावात उचलतो किंवा बांधावर सोडून जातो, तीच. तिच्या रसात काही खोट नसते.

दुसरा धडा कडूपणाचा, आणि नागपुरी संत्र्याला तो फार लागू आहे. नेव्हलचा रस काढला की गोड लागतो आणि काही तासांत कडू होतो. रस टिकवण्याच्या धंद्यात नागपुरी संत्र्याचेही हेच दुखणे आहे. आतल्या पातळ पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असते. ते मुळात कडू नसते, पण रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली की हळूहळू कडू होते. त्याला लिमोनिन म्हणतात. म्हणून मिक्सर नको. बी फुटली की संपले. साल काढायची, आतला पांढरा भाग नखाने खरवडून काढायचा, फोडी हाताने पिळायच्या आणि रस लगेच गाळायचा. नेव्हलला बी नसते म्हणून त्या गृहस्थांचे काम निम्मे होते. आपल्या फळात बिया असतात, त्यामुळे आपल्याला दुप्पट जपावे लागेल.

साल घालायची नाही याला दुसरेही कारण आहे. सालीत तेल असते. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की जे तडतडते तेच. ते यीस्टला मारक असते. एका फळाची वरची केशरी साल, तीही पांढरा भाग न येऊ देता किसून, वासापुरती घालतात. बास. आणि उकळायचे तर अजिबात नाही. उकळल्याने रसातले पेक्टिन, म्हणजे फळातले चिकट द्रव्य, सुटते आणि वाईन गढूळच राहते. ते पेक्टिन फोडणारे एन्झाइम मिळते, ते थंड रसात घालतात.

आता प्रमाण. ५ लिटरसाठी साधारण २ लिटर रस लागतो, म्हणजे चारपाच किलो फळ. बाकी पाणी. रसात स्वतःची साखर असते, पण नुसता रस आंबवला तरी अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपासच होते आणि असे पातळ पेय टिकत नाही. म्हणून साडेआठशे ग्रॅमच्या आगेमागे साखर लागते. डोळ्यांनी अंदाज करायचा नाही, रसाचा दाटपणा दाखवणारे हायड्रोमीटर बुडवून पाहायचे. दूध तपासायला लॅक्टोमीटर बुडवतात, त्याच तत्त्वावरचे हे उपकरण आहे. सुरुवातीला १.०८० दाखवले आणि शेवटी १.००० च्या खाली उतरले की अकरा टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल झाले असे समजायचे. नवख्या माणसाने दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, पण हे उपकरण घ्यावे, असे ते गृहस्थ सांगत. मला ते पटले. याच्याशिवाय आंबणे थांबले की नुसते मंदावले, हे कळायला मार्ग नाही.

यीस्ट घालण्याच्या आदल्या दिवशी रसात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालतात, त्याने जंगली जंतू मरतात. आपल्या भागातल्या पुष्कळ बायकांना केएमएस माहीत आहे, संत्रा स्क्वॅशच्या प्रशिक्षणात तो वापरायला शिकवतात. पण स्क्वॅशला घालतो त्या हिशेबाने घातला तर यीस्ट उठणारच नाही. इथे ५ लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी लागतो, आणि घातल्यावर चोवीस तास थांबायचे असते. दम्याच्या माणसाने त्याचा वास घेऊ नये.

यीस्ट बेकरीचे नव्हे, वाईनचे घ्यायचे. बेकरीच्या यीस्टने आंबते, पण ते लवकर दमते आणि तळाशी नीट बसत नाही. वाईनच्या यीस्टची ५ ग्रॅमची पुडी वीस लिटरला पुरते. कोमट पाण्यात जागे करायचे, गरम पाण्यात मरते. संत्र्याच्या रसात यीस्टचे पोषण कमी पडते, म्हणून त्याला थोडे खाद्य द्यावे लागते. आणि इथे मला हात जोडून सांगायचे आहे. त्या खाद्यात डायअमोनियम फॉस्फेट असते, म्हणजे डीएपी. आपल्या प्रत्येकाच्या घरी त्याचे पोते असते. ते खत आहे, त्यात काय काय मिसळलेले असते ते खाण्यासाठी तपासलेले नसते. खताच्या पोत्यातला एक दाणासुद्धा यात पडता कामा नये. खाण्यायोग्य दर्जाचा डीएपी वेगळा मिळतो.

आता ते घट्ट झाकण. १ किलो साखर आंबली की तिच्या निम्म्या वजनाचा वायू सुटतो. म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त! घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तो कोंडला तर बरणी फुटते आणि काचा भिंतीत घुसतात. पहिला आठवडाभर खाण्याच्या दर्जाच्या बादलीवर स्वच्छ कापड बांधतात, रोज एकदा ढवळतात. फेस ओसरला की काचेच्या मोठ्या बाटलीत ओततात आणि तिच्या तोंडाला पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. वायू पाण्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी, नाहीतर संत्र्याची वाईन हवेने तपकिरी पडते. मग गाळ बसला की वरचे वरचे दुसऱ्या बाटलीत काढायचे, असे काही महिन्यांत दोनतीनदा. तीन आठवड्यांत तयार होते ते नुसते आंबलेले गढूळ पाणी. बाटलीत भरल्यावरही सहा महिने थांबले तर तिला चव येते. मी तिथे आदल्या वर्षीची चमचाभर चाखली. कोरडी, आंबट, आणि मागाहून संत्र्याच्या फुलासारखा वास. आपल्या फळाची कशी होईल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

हे सगळे १८ ते २४ अंश तापमानात व्हावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असते, तेव्हा नाव काढू नये. पण आंबिया बहाराचे फळ ऐन थंडीच्या तोंडावर येते, आणि चुरीही त्यातच निघते. हवामान आपल्या बाजूने आहे.

लिंबाचे विचारणाऱ्यांसाठी थोडेच सांगते. लिंबाचा रस इतका आंबट असतो की तो जास्त झाला तर यीस्ट नीट चालत नाही. नवख्याने संत्र्यापासूनच सुरुवात करावी.

आता माझे मागणे. द्राक्षाच्या वाईनसाठी राज्याने २००१ साली स्वतंत्र धोरण आणले आणि नाशिककडे त्याचे कारखाने उभे राहिले. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूपासून वाईन होते. संत्र्याचे एवढे मोठे क्षेत्र विदर्भात आहे. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. बांगलादेशाने आयात शुल्क चढवत नेल्यापासून आमचा हक्काचा बाजार आटला आहे. अशा वेळी या संस्थांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाची रीतसर परवानगी घेऊन, आपल्याच प्रयोगशाळेत, बागायतदारांसाठी थंडीत एक प्रशिक्षण ठेवावे. माल तिथेच बनेल, तिथेच मोजला जाईल, बाहेर जाणार नाही. कडूपणावर आपल्या फळात काय उपाय चालतो, चुरीच्या रसाला साखर किती लागते, खर्च सुटतो का, हे आम्हाला आमच्या हातांनी कळू द्या. आकडे जमले तर शेतकरी उत्पादक कंपन्यांना लहान परवाना परवडेल अशा शुल्कात द्यायचा की नाही, ते सरकारने पुढे ठरवावे. आकडे जमले नाहीत तर आम्ही तो नाद सोडू आणि रस, बर्फी, सालीचे तेल यांच्यामागे लागू.

बाई असून दारूची बाजू घेते, असे कोणी म्हणेल म्हणून हेही लिहिते. वर्धा जिल्हा आमच्या शेजारी आहे, तिथली दारूबंदी मला माहीत आहे. आमच्या गावात दुकान बंद करण्यासाठी मतदान झाले तेव्हा मीही रांगेत उभी राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारला, आणि उद्या पुन्हा मारीन. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत. म्हणूनच मी गावात विक्रीची परवानगी मागत नाही. पण ती मोबाइलवरची कृती पोरांच्या हाती पोहोचली आहे. कोणी ना कोणी ती लपूनछपून करणार, आणि आंबवलेले पुढे गाळून पाहण्याची बुद्धी कोणाला तरी सुचणार. घरच्या भट्टीतून निघते ते आंधळे करू शकते. सरकारी प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकलेली बाई आपल्या घरात हे होऊ देणार नाही. चार गोष्टी अडाणीपणाने करण्यापासून ती मुलांनाही अडवेल.

आंबियाची तोडणी दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते. त्याआधी संशोधन संस्था, विद्यापीठ आणि उत्पादन शुल्क विभाग यांची एक बैठक व्हावी आणि तिला वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदार महिलांना बोलवावे. आमच्या गटातल्या बाया स्वखर्चाने येतील. प्रशिक्षणासाठी लागतील तेवढे चुरीचे क्रेट माझ्या बगीच्यातून पोहोचवीन.

आपली,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती