कासवे ‘सुखरूप’ सोडली म्हणजे नेमके काय केले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘तस्करांच्या तावडीतून सुटली, नदीत सुखरूप परतली’ ही कासवांची बातमी वाचली. सकाळी पोती पकडली, दुपारी पंचनामा, सूर्य मावळायच्या आत पुलाखाली छायाचित्र. झटपट कामाबद्दल अभिनंदन. फक्त त्या छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात पाण्यात उतरणाऱ्या कासवाच्या डोळ्यामागचा लाल पट्टा कुणी पाहिला का? तो छपाईचा दोष नाही. ते रेड-इअर्ड स्लायडर आहे. मूळचे अमेरिकेतले, काचेच्या टाकीसाठी विकले जाणारे, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीतले. युरोपीय महासंघाने त्याची आयात 1997 मध्येच बंद केली. इथे ते टाळ्यांच्या गजरात नदीत गेले.

बाकीच्यांचे काय? ‘पाण्यातला जीव पाण्यात सोडला’ हे ऐकायला बरे वाटते. पण कासव फुप्फुसांनी श्वास घेते. पाय पाठीखाली दुमडून चिकटपट्टीने बांधलेले, पाण्याविना दिवसेंदिवस पोत्यात पडलेले कासव खोल पाण्यात सोडले, तर मान वर काढण्याचेही त्राण त्याच्यात नसते. ते बुडून मरते आणि काठावरच्यांना वाटते, पोहत गेले. आधी त्याला हनुवटीपर्यंत येईल एवढ्याच कोमट पाण्यात रोज वीस-तीस मिनिटे ठेवायचे असते. अंगात पाणी मुरेपर्यंत खायला द्यायचे नाही. मग टबात तरंगताना बघायचे: एका कुशीवर कलत असेल, नाकपुडीतून बुडबुडे येत असतील, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबत असेल तर तो ओढायचा नाही आणि मुळाशी कापायचाही नाही. आत गळ असतो. क्ष-किरण तपासणीत गळ दिसतो, माद्यांच्या पोटातली अंडीही दिसतात. मऊ पाठीची कासवे एकेकटी ठेवायची, कारण ती एकमेकांचे लचके तोडतात. त्यांच्या टबाच्या तळाला बारीक वाळू हवी, नाहीतर सिमेंटवर घासून पोटाची कातडी सोलवटते आणि जखमा चिघळतात.

एवढे केल्यावरही लगेच नदीकडे धावायचे नसते. तस्करीच्या एका पोत्यात चार खोऱ्यांतली कासवे एकत्र कोंबली जातात आणि एकमेकांचे रोग घेतात. रानाव्हायरस हा विषाणू तर कासवांपाशी थांबत नाही, बेडकांना आणि माशांनाही होतो. म्हणून निदान 90 दिवस विलगीकरण, प्रत्येक टबाची जाळी-बादली वेगळी, टबातले पाणी नाल्यात ओतायचे नाही. जात आणि जमल्यास मूळ खोरे ठरल्यावरच सोडायचे, तेही त्याच खोऱ्यात. आपल्या बातमीत ‘सुमारे दोनशे कासवे’ एवढेच आहे. कुठल्या जातीची, किती माद्या, किती मेलेली निघाली, चकार शब्द नाही.

वर बातमीतल्या अधिकाऱ्यांनी ‘कासवे भरपूर अंडी घालतात, तूट भरून निघेल’ असा दिलासाही दिला आहे. कोंबड्या असत्या तर निघाली असती. कासवांची अंडी आणि पिल्ले बहुतेक खाल्लीच जातात. त्यांचा सगळा हिशेब थोरल्या माद्या वर्षानुवर्षे अंडी घालत राहण्यावर चालतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ब्लँडिंग जातीच्या कासवांच्या दीर्घकाळच्या अभ्यासात माद्या अंड्यावर यायला 14 ते 20 वर्षे लागतात असे दिसले. मांसाच्या बाजाराला नेमकी मोठी मादीच हवी असते. ती गेली तरी तळ्यात लहान कासवे ऊन खाताना दिसत राहतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि किंमत कशाला छापली? चौकटीत, ठळक अक्षरांत, ‘आंतरराष्ट्रीय बाजारात एवढे लाख’, आणि शेजारीच कासवे जिथून धरली त्या तळ्याचे नाव! इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाला 1994 मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले. नवी जात, तीही छोट्या बेटावरची, म्हटल्यावर संग्राहक तुटून पडले आणि काही वर्षांतच ते बेटावर सापडेनासे झाले. आता अनेक संशोधक अशा जातींचा नेमका ठावठिकाणा निबंधात देत नाहीत. ते जे मुद्दाम गाळतात, ते आपण चौकटीत देता.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये)

ता. क. : रविवारच्या पुरवणीत ‘टेबलावर मावणारा, कमी देखभालीचा मित्र’ म्हणून याच स्लायडरची शिफारस होती. अमेरिकेत 1975 पासून 10 सेंमीहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेला या जिवाणूची लागण होत होती. ते असो. पिल्लू 3 सेंमीचे असते. मादी 25 सेंमीची होते आणि 30 वर्षे जगू शकते. पाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण 15 लिटर पाणी धरतात, म्हणजे पावणेचारशे लिटर. शिवाय ऊन घ्यायला कोरडी जागा आणि अतिनील किरणांचा दिवा. नुसत्या पाण्याचे वजन पावणेचारशे किलो. टेबल कुठल्या लाकडाचे, तेवढे लेखकाने कळवावे.