साहेब जेवलालेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक हॅन्डबिल पडलं. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या कुठल्याशा क्लासचं. बाकी मजकूर नेहमीचाच, पण खाली ठळक अक्षरांत होतं, ‘सोलापुरी हेल घालवा, आत्मविश्वास मिळवा.’ हॅन्डबिलं पेपर टाकणारी पोरं घालतात, आपला त्यात दोष नाही. तरी लिहितो, कारण हा हेल घालवण्यात माझी 27 वर्षं गेली.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भाजीवालीशी मोडकीतोडकी कन्नड. वडील यंत्रमागावर. 1991 साली मी पुण्यात एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन वाजला. मी उचलला आणि म्हणालो, “साहेब जेवलालेत.” म्हणजे जेवताहेत. अख्खा हॉल हसला. एक बाई तर डबा बाजूला सारून, पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासायची सवय लागली. ‘करलालाव’चं ‘करताय’ करायचं, ‘बे’ गिळायचा. तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, मग गप्प बसायचं. चहाला सगळे निघाले की मी फाइल उघडायचो. दिवाळीला गावी निघालो की मात्र जो तो चादरी सांगायचा. गठ्ठा खांद्यावर घेऊन पुणे स्टेशनात उतरताना वाटायचं, यांना आपली गरज चादरीपुरती.

2018 ला निवृत्त होऊन परत आलो. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पुण्याचे एक जुने सहकारी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला होते. कडक भाकरी, शेंगाचटणी असा बेत. बोलता बोलता म्हणाले, “तुम्ही आमच्यात कधी बसलाच नाहीत हो. आम्ही समजायचो, माणूस शिष्ट आहे.” मी त्या फोनचा विषय काढला. ते पुन्हा तसेच खदखदून हसले. “अहो, भाषेला कोण हसलं? साहेब जेवत असले तरी ‘मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायची आपल्याकडे रीत होती. तुम्ही एकटेच खरं बोललात, आणि तेही वरच्या ऑफिसला!”

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

माझी भाची समाजशास्त्रात एम.ए. करते. तिच्या वहीत चार्ल्स कूली या अमेरिकन अभ्यासकाचं 1902 सालचं म्हणणं उतरवलेलं आहे. समोरच्याला आपण कसे दिसतो, याची माणूस आधी कल्पना करतो. मग त्यावरून तो आपल्याला काय ठरवत असेल, याची. आणि त्या जोरावर स्वतःबद्दल अभिमान नाहीतर शरम वाटून घेतो. समोरच्याला विचारायची पायरी यात कुठेच नाही! माझं सर्व्हिस बुकच वाचतोय असं वाटलं. तिनंच आणखी एक प्रयोग सांगितला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. एका अमेरिकन विद्यापीठात मुलांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून वर्गमित्रांसमोर पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी तरी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही लक्षात आला नव्हता.

पुण्यात माझी नक्कल कुणी केलीच नाही, असं म्हणणार नाही. घरमालक करायचे, आणि एक शिपाई. मोजून दोघं. बाकीचा हॉल मीच त्यांच्या रांगेत नेऊन बसवला होता. आणि ज्यांना खरंच नावं ठेवायची होती, त्यांनी ठेवली ती माझ्या गप्प राहण्याला. भाषेचा हिशेब ठेवायला कुणाला वेळ होता!

आता भाचीचंच सांगतो. कूली तिला तोंडपाठ आहे. तरी पुण्यातल्या मैत्रिणींना पाठवायचा व्हॉइस मेसेज ती तीन-तीनदा पुसते नि पुन्हा बोलते. माझ्याशी मात्र ‘काय मामा, काय करलालाव’ असं घडाघडा. येत्या सोमवारी तिची मुलाखत आहे, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघेल. साहेब जेवलालेतची गोष्ट मी तिला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा ती पोट धरून हसली.

ते हॅन्डबिल मात्र तिनं घडी करून पर्समध्ये ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त कारकून,
अशोक चौक, सोलापूर