सूचना : पाडव्याच्या आत कुंड्यांकडं बघून घ्या

मंडळी, फाल्गुन संपला नाही तोच लातूरचं ऊन चटकायलंय, तर ज्यांना कुंडी बदलायची किंवा माती काढून शेणखत भरायचंय त्यांनी ते पाडव्याच्या आत उरकून घ्या, नंतर मुळं हलवली की झाड मान टाकतंय. पाणी सकाळी आठच्या आत घाला, पण आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर राहू द्या. आमचा मोगरा मागच्या वर्षी उन्हानं नाही, माझ्या हौसेनं गेला, खाली मुळं पार काळी पडून वास मारत होती! जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं की ती मिलीबग नावाची कीड, लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडं लिक्विड सोप घालून संध्याकाळीच फवारा, दुपारी फवारलं तर पानं करपतेत. पश्चिमेच्या बाल्कनीला सावलीची हिरवी नेट लागतीच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी फेकू नका, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं आहोत आपण. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास होतेत, खालच्या मजल्यावरचे ओरडायलेत. नेट एकत्र मागवायचीय, बाल्कनीचं माप रविवारपर्यंत टाका.