सूर जुळवायला दहा मिनिटे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईत बँडविषयी वाचकांची जी पत्रे छापून येतात, ती बहुतेक आवाजाच्या त्रासाची असतात. ती तक्रार रास्त आहे आणि रात्री दहानंतर वाद्ये बंद ठेवण्याचा नियम आम्हा वाजवणाऱ्यांनाही मान्य आहे. आज मात्र आमचे एक दुखणे मांडायचे आहे, ते म्हणजे सूर कळत असूनही बेसूर वाजवावे लागण्याचे.

मिरजेतील एका बँडपथकात मी एकोणीस वर्षे क्लॅरिनेट वाजवतो. आमच्याकडची क्लॅरिनेट आणि ट्रंपेट काळी पाचची, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराची, तर आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. त्यामुळे एका पट्टीत वाजवायचे तर सॅक्सोफोनवाल्याला बोटांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्यात वैशाखातल्या उन्हात फुंकून वाजवायच्या वाद्यांतली हवा तापते आणि स्वर चढतो, कीबोर्डचा स्वर मात्र जागचा हलत नाही. यावर उपाय अवघड नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाकडचा सांधा किंचित बाहेर ओढायचा, ट्रंपेटची सरकती नळी थोडी लांबवायची आणि सगळ्यांनी मिळून एकदा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरायचा, एवढे दहा मिनिटांचे काम असते. ती दहा मिनिटेच मिळत नाहीत, कारण टेम्पोतून उतरतो न उतरतो तोच ‘चला, चालू करा’ असा घोषा लागतो, आणि एकदा ढोल वाजू लागला की शेजारच्याचा स्वर कानावर येत नाही. ज्या गावात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, लावायला कारागीर तासन्‌तास बसतात, त्या गावात हे घडावे याचे मला अधिक वाईट वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत भैरवीतले एक गीत आम्ही वाजवत होतो. महिनाभर बसवलेले ते गीत अंतऱ्यावर आले, कोमल ऋषभ मनासारखा लागला, आणि त्याच क्षणी कोणीतरी माझा खांदा हलवून ‘हे बंद करा, नाचायचं वाजवा’ असे सांगितले. नाचणाऱ्यांवर माझा राग नाही, वरात त्यांचीच असते. पण त्या रात्री वाद्य पेटीत ठेवताना हात थरथरत होते आणि बँड सोडण्याचा विचार पहिल्यांदाच गंभीरपणे मनात आला.

सोडला नाही, याचे श्रेय आमच्या सोमवारच्या तालमीला आहे. तिथे पहिली पंधरा मिनिटे कोणीही गाणे वाजवत नाही. मोबाइलवरच्या तंबोऱ्याबरोबर एकेकाने षड्ज धरायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. नव्या मुलाचा स्वर उतरला तर पूर्वी मी सर्वांसमोर चिडत असे. आता त्याच्या शेजारी बसून तोच स्वर वाजवतो, आणि तो आपोआप वर येतो. तालमीच्या शेवटी प्रत्येकजण स्वतःच्या आवडीचे काहीतरी पूर्ण वाजवतो. आठवडाभर वरातीत अर्धवट तुटलेली गाणी मनात साचून राहतात, त्यांना तिथे वाट मिळते.

यजमानांना माझी विनंती एवढीच आहे की, बँड ठरवताना वेळ आणि पैसे बोलता, तेव्हा सूर जुळवण्याची दहा मिनिटेही ठरवून घ्यावीत, आणि मांडवात पाहुणे बसलेले असताना, वरात निघण्यापूर्वी, एक गीत आम्हाला शेवटपर्यंत वाजवू द्यावे.

आपला नम्र,
एक क्लॅरिनेटवादक, मिरज