हॅलोविनची सजावट घरी करावी, कोळिष्टकाची नकली जाळी झाडांवर लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरच्या, भुताखेतांच्या सणाच्या) सजावटीवर पानभर मजकूर आला होता. हवा भरून उभी राहणारी भुतं, जवळ गेलं की किंचाळणाऱ्या कवट्या, बारा फुटी सांगाडा (२०२० साली तो बाजारात आला तेव्हा किंमत २९९ डॉलर होती). हातानं करायच्या एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता, याचं फार वाईट वाटलं. मी सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आता न्यू जर्सीत लेकीकडे राहते. ऑक्टोबर लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद, कात्र्या आणि खळीचं पातेलं येऊन बसतं, म्हणून हे लिहिते आहे.

हा सण मुळात हाताच्या कामाचाच. आयर्लंडमध्ये गरीब घरांतून सलगम पोखरून, त्याला तोंड-डोळे कोरून आत दिवा ठेवत. तिथल्या मेयो परगण्यातल्या ग्रामजीवनाच्या संग्रहालयात अशा एका कंदिलाची प्रतिकृती आहे; चेहरा इतका भेसूर की भोपळा त्यापुढे लाघवी वाटावा. ही माणसं अमेरिकेत आली तेव्हा त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. न्यूयॉर्कची आजची प्रचंड मिरवणूकसुद्धा १९७४ साली ग्रीनिच व्हिलेजमध्ये मुखवटे घडवणाऱ्या राल्फ ली यांनी हातानं केलेले मुखवटे आणि बाहुले घेऊन सुरू केली.

भोपळा कोरणं हे सगळ्यात मोठं काम. निवडताना बूड सपाट आणि देठ घट्ट असावा. देठाला धरून उचलू मात्र नये, तो तुटतो. वरून झाकण कापण्याऐवजी आम्ही बुडाला भोक पाडतो, म्हणजे दिवा खाली ठेवून त्यावर भोपळा नुसता पालथा घालता येतो. आतला गर आणि दोरे काढायला आइस्क्रीमचा चमचा उत्तम. जिथे चेहरा येणार तिथली भिंत इंचभर राहीपर्यंत खरवडायची, नाहीतर करवत अडकते. मग कागदावरचं चित्र भोपळ्यावर चिकटवून रेषेरेषेनं दाभणानं टोचे मारायचे. इथे स्टेन्सिलचा (कापून काढायच्या चित्राचा) नियम लागतो, जो मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला: जो तुकडा ठेवायचा, तो बाजूच्या सालीला कुठेतरी जोडलेला हवा. नाहीतर कापता कापता डोळ्यातलं बुबुळ आत गळून पडतं. माझी नात आता चित्र काढतानाच बुबुळाच्या खाली एक बारीक पट्टी सोडते, कुणी न सांगता. टोचे मारणं मुलांचं, करवत मोठ्यांच्या हातात. कोरलेला भोपळा जेमतेम आठवडाभर टिकतो, उबदार हवेत त्याहूनही कमी, त्यामुळे ३१ तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच कोरावा. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. त्या संध्याकाळी गोळ्या-चॉकलेटं मागायला आलेली, घोळदार कपडे घातलेली मुलं पायरीवर गर्दी करतात, कपडा पेटायला वेळ लागत नाही. बियांना तेल, मीठ, हळद, तिखट लावून त्या आम्ही ओव्हनमध्ये भाजतो.

भुताला खर्च नाहीच. बाटलीवर फुगा बसवायचा, पनीर बांधायचं विरळ कापड मैद्याच्या दाट खळीत बुडवून त्यावर पसरायचं, झोळ हातानं नीट करायचे आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी फुगा फोडला की भूत आपलं आपण उभं राहतं. काळ्या कागदाचे डोळे धाकट्या नातवानं लावले. शेजारच्या दारातल्या किंचाळणाऱ्या कवटीला घाबरून तो रस्ता ओलांडतो, पण हे भूत त्याच्या उशाशी होतं. सांगलीहून माझे भाऊ फोनवर म्हणाले, “ताई, घरात भुतंखेतं कशाला?” त्यांना मी हेच सांगितलं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र. पुरवणीतल्या यादीत कोळिष्टकासारख्या दिसणाऱ्या, ताणून पसरायच्या पांढऱ्या नकली जाळ्या होत्या आणि त्या झुडपांवर पसरा असं सुचवलं होतं. कृपया तसं कुणी करू नका. त्या जाळीचे धागे बारीक आणि चिवट असतात. लहान पक्षी, वटवाघळं, मधमाश्या त्यात अडकतात, पंख गुंततात आणि सुटता येत नाही. जखमी वन्यजीवांची शुश्रूषा करणारे लोक दर हॅलोविनला हे कळकळीनं सांगतात. न्यू जर्सीत तर ऑक्टोबर म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराचे दिवस. राज्याच्या दक्षिण टोकाला ‘केप मे’ इथे ते बघायला लांबून माणसं येतात. दमलेला पक्षी आपल्या अंगणातल्या झुडपात विसाव्याला उतरतो आणि आपण तिथेच फास लावून ठेवतो. जाळी हवीच तर जाड लोकरीची करावी: आधी आडवे-तिरपे धागे, मग त्यांवर गोल फेरे, मध्ये हात सहज जाईल एवढी अंतरं, आणि तीही खिडकीच्या आतल्या बाजूला. कोळी काळ्या कागदाचा. हे करायला मुलांना फार आवडतं, कारण फेरे घालताना खऱ्या कोळ्याचं काम कळतं.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. आमच्या दारात खाली भोपळा आणि वर आकाशकंदील होता. हॅलोविनच्या सजावटीला आणि कंदिलाला कागद तोच, खळ तीच. कंदिलाला बांबूच्या कामट्या इथे मिळेनात, तेव्हा जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर सांगाडा केला. संध्याकाळी गोळ्या-चॉकलेटं मागायला आलेली इथली मुलं कंदिलाखाली थांबून “हे कसं केलंत?” विचारत होती आणि नात त्यांना करंज्यांबरोबर सगळी कृती सांगत होती.

पुढच्या वर्षीच्या पुरवणीत खरेदीच्या पानाशेजारी निदान अर्धं पान घरच्या कृतींना द्यावं, एवढी विनंती. बुडातून भोक कसं पाडायचं, स्टेन्सिलमध्ये पट्ट्या कुठे सोडायच्या, लोकरीची जाळी कशी विणायची याच्या आकृत्या मी स्वतः काढून सप्टेंबरअखेर आपल्याकडे पाठवीन. मानधन नको.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
(मूळ सांगली) एडिसन, न्यू जर्सी