‘कुठल्या शॉटमधला?’ असं विचारणाऱ्या मित्रास

सप्रेम नमस्कार,

नाव छापायचं नाही ही तुमची अट. ती पाळतो. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही पाठवलेली प्रॉपची (दृश्यात नटांच्या हाती द्यायच्या वस्तूंची) टिपणं आमच्यापुरती ठेवावीत अशी नाहीत. ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानाच्या अमेरिकी टीव्ही कथेच्या मूळ मालिकेवर स्वतःच्या खर्चाने, हौसेने भाग बनवणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडतील. म्हणून हे पत्र उघडं.

फेझर म्हणजे मालिकेतलं किरण-पिस्तूल. ‘हा फेझर ओरिजिनलसारखा नाही’ या एका वाक्यावर फॅन मंडळी पहाट होईपर्यंत भांडू शकतात. तुम्ही त्या भांडणात शिरलात ते एक प्रश्न घेऊन : कुठला ओरिजिनल? कुठल्या शॉटमधला? 1966 ते 1969 या काळातल्या तीन सीझन आणि 79 भागांत ‘एकच’ फेझर कधी नव्हताच. कॅमेऱ्याजवळ न्यायचा, हलणारे भाग असलेला हीरो प्रॉप वेगळा, कमरेला नुसता लटकवायचा साधा वेगळा आणि मारामारीत आपटला तरी चालेल असा हलका वेगळा. कम्युनिकेटर (झाकण उघडून बोलायचं संपर्कयंत्र) आणि ट्रायकॉर्डर (खांद्याला लटकवायचा तपासणीचा डबा) घडवणारे वाह चँग हे हाताने काम करणारे कारागीर. हाताने केलेले दोन नग तंतोतंत जुळत नाहीत. एका नगाची खोबण दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर उथळ असली, तर दोन्ही अस्सलच. मग वाद कशाचा? तुमच्या या एका प्रश्नाने आमची निम्मी भांडणं मिटली, आणि उरलेली निम्मी मोजपट्टीवर आली.

बाजारात मिळणाऱ्या रेप्लिकांबद्दलही तुम्ही हेच दाखवून दिलंत. वाँड कंपनीचा 2014 चा फेझर मूळ हीरो प्रॉप स्कॅन करून बनवलेला आहे, म्हणून तो ‘अचूक’. पण अचूक त्या एका नगाला. आपल्या दृश्यात दुसऱ्याच नगाची आठवण करून द्यायची असेल तर त्या स्कॅनचा आधार कामाचा नाही. उलट टोक म्हणजे 1974 चा एएमटी कंपनीचा प्लॅस्टिक किट. तो मूळ आकारापेक्षा लहान आहे, तरी त्यावरून मापं घेऊन मोठे केलेले आराखडे अजून फिरतात, आणि किटमधल्या चुकाही त्यांच्यासोबत मोठ्या होतात. ‘आराखड्यावर लिहिलंय’ हा पुरावा धरायचा नाही, आराखडा कशावरून काढला ते आधी विचारायचं, हे आता आमच्यात पाठ झालं आहे.

पडद्यावरून मापं काढायची तुमची पद्धत सगळ्यांनी उचलावी अशी. 2006 पासून आलेल्या रीमास्टर (जुन्या फिल्मवरून नव्याने साफ केलेल्या) आवृत्तीत यानाचे आणि अवकाशाचे बरेच शॉट संगणकावर नव्याने केलेले आहेत. यानाच्या मॉडेलचा अभ्यास त्यावरून केला तर फसगत ठरलेली. पण नटांच्या हातातल्या वस्तू मूळ 35 मिमी फिल्मवरच्याच आहेत, तेव्हा हातातल्या प्रॉपसाठी ती आवृत्ती बिनधास्त वापरावी. मोजताना वस्तू कॅमेऱ्याला समोरासमोर असलेलीच फ्रेम घ्यायची. तिरकी धरलेली वस्तू आखूड दिसते आणि पुढची कड फुगते. पट्टी म्हणून नटाचा हात धरू नये, कारण हात वस्तूच्या पुढे किंवा मागे असतो. वस्तूवरचंच खात्रीचं एक माप धरून बाकीची प्रमाणात काढावीत.

कम्युनिकेटरच्या फिरत्या चकतीचा हिशेब तर जसाच्या तसा इथे द्यायलाच हवा. हीरो कम्युनिकेटरमध्ये मोआरे नक्षीची (एकमेकांवर पडलेल्या बारीक रेषांतून उमटणाऱ्या) चकती स्टॉपवॉचच्या यंत्रणेवर फिरायची. वेग काढायचा तर एका फेऱ्याला किती फ्रेम लागतात ते मोजायचं. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची. समजा फेऱ्याला 96 फ्रेम लागल्या, तर 4 सेकंद, म्हणजे मिनिटाला 15 फेरे. गोम इथे आहे की जुनं अमेरिकी टीव्ही रेकॉर्डिंग सेकंदाला 30 फ्रेमचं असतं, त्यात फिल्मच्या दर 4 फ्रेमच्या 5 होतात. त्यावर तोच फेरा 120 फ्रेमचा भरतो. त्याला 24 ने भागलं की 5 सेकंद आणि मिनिटाला 12 फेरे असं चुकीचं उत्तर येतं. ‘माझी चकती बरोबर, तुझी जलद’ या भांडणात दोघांनीही नीटच मोजलेलं असायचं, फक्त एकाच्या हातात फिल्मवरून उतरवलेली प्रत आणि दुसऱ्याच्या हातात टीव्हीची.

आज स्टॉपवॉच फोडायची गरज नाही, गिअर लावलेली छोटी 3 व्होल्टची मोटर पुरते. पण ती कुरकुरते आणि कम्युनिकेटर नेमका नटाच्या तोंडाजवळ, म्हणजे माइकजवळ असतो. मोटर थेट कवचाला चिकटवली की कवचच आवाज मोठा करतं, म्हणून मोटर आणि कवच यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फोम. दुसरी अडचण डिजिटल कॅमेऱ्याची. चकतीच्या बारीक रेषा आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर पडून पडद्यावर तिसरीच नक्षी नाचू लागते. चकती बदलण्याआधी कॅमेरा थोडा पुढेमागे करून बघावा, नाहीतर फोकस केसभर मऊ करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

झाकणाची जाळी छिद्रं पाडलेल्या पितळी पत्र्याची. प्लॅस्टिकवर सोनेरी रंग मारून ते वजन आणि ती झळाळी येत नाही, यावर आमचं एकमत आहे (आमचं एकमत ही दुर्मीळ घटना). पितळ लावायचं तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हातमोजे घालून, पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्यायचा. उघड्या पितळावर बोटांचे ठसे काळे पडतात, आणि पुढच्या वेळच्या शूटिंगला जोडणाऱ्या दृश्यात झाकण अचानक म्हातारं दिसतं.

आता रीकास्टबद्दल. दुसऱ्याच्या कामावर साचा काढून त्याच्या प्रती विकणं या छंदात सर्वांत वाईट मानलं जातं. तुम्ही नैतिक प्रवचन न देता व्हर्नियर कॅलिपर पुढे केलात. टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) सिलिकोनचा साचा आकसतो, वर रेझिनही थोडं आकसतं. प्रत्येक पिढीला एकूण अर्धा टक्का धरला तर 200 मिमी लांबीला 1 मिमी गेला. प्रतीची प्रत असेल तर 2 मिमी. शिवाय कडा गोल होतात, खोबणीत बारीक बुडबुडे राहतात आणि मूळ वस्तूवरचा ओरखडा नव्या कोऱ्या नगावर जसाच्या तसा उमटतो. विकणारा ‘स्वतः घडवलंय’ म्हणत असला आणि वस्तू सगळ्या दिशांनी सारख्याच प्रमाणात लहान भरली, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

साच्याबाबत तुमची ताकीद अनेकांचं सिलिकोन वाचवेल. प्लॅटिनम-क्युअर सिलिकोन आकसत नाही म्हटलं तरी चालेल, पण ते भारी नाजूक. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, टिन-क्युअरचा अंश, रेझिन प्रिंटरचा नीट न धुतलेला नग, यातल्या कशालाही ते टेकलं की स्पर्शाच्या जागी चिकटच राहतं, कितीही थांबा. आधी कोपऱ्यात नखाएवढा ठिपका टाकून, तो सुकतोय का बघायचं आणि मगच किलोभर ओतायचं. पॉलियुरेथेन रेझिनला दमटपणा सोसत नाही. उघडा राहिलेला डबा हवेतली ओल पितो आणि ओतकाम पावासारखं फुगतं.

थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी तुमची एक ओळ भिंतीवर लावण्याजोगी होती : ‘रंगालाही जाडी असते.’ लहान फेझर मोठ्या पिस्तुलाच्या डोक्यावर बसतो आणि सुटाही होतो. प्रिंटरमधून दोन्ही भाग झकास सरकतात. मग फिलर प्रायमरचे (खाचा भरणाऱ्या अस्तराचे) तीन हात, रंगाचे दोन, वर लॅकर, आणि समोरासमोरच्या प्रत्येक पृष्ठभागावर 0.2 ते 0.3 मिमी चढतात. दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पृष्ठभाग. आधी सोडलेली अर्ध्या मिलिमीटरची फट संपते, आणि कॅमेऱ्यासमोर नट लहान फेझर ओढतो तेव्हा तो निघत नाही, निघालाच तर रंगाचा पापुद्रा घेऊन. म्हणून फट आधीच वाढवून ठेवावी, किंवा सरकत्या बाजूंवर मास्किंग टेप लावून त्या बिनरंगाच्या ठेवाव्यात. पॉलिश पेपर 120 ने सुरू करून 220, मग 400 पाण्यासोबत. 120 वरून थेट 400 वर उडी मारली की ओरखडे प्रायमरखाली लपतात आणि चकचकीत रंगाखालून परत वर येतात. आणि पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक) साधारण 60 अंश सेल्सियसला मऊ पडतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत किंवा तापलेल्या दिव्याला टेकून प्रॉप ठेवायचा नाही.

दिव्यांचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. 9 व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी 2 व्होल्ट खातो. 15 मिलिअँपियरसाठी 7 भागिले 0.015, म्हणजे सुमारे 467, तेव्हा 470 ओहमचा रेझिस्टर. पांढऱ्याला 3.2 व्होल्ट लागतात, त्याला 390. दोघांना एकच रेझिस्टर लावून ‘लाल जास्त भडक का?’ विचारण्यात अर्थ नाही. दिवा मंद करायला अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचं पीडब्ल्यूएम (दिवा भरभर चालू-बंद करणं) वापरलं तर ते सहसा 490 हर्ट्झच्या आसपास चालतं. शटर 1/48 सेकंदाचं असताना ते खपून जातं, पण लख्ख उजेडात शटर 1/500 वर गेलं की एकाच दिव्याची उजेड-अंधाराची पट्टी चित्रात सरकताना दिसते. पीडब्ल्यूएमचा वेग काही हजार हर्ट्झवर न्यायचा, किंवा सरळ मोठा रेझिस्टर टाकायचा. आम्हाला दुसरा उपाय बरा वाटतो. प्रॉपमध्ये जितका कमी कोड तितकी कमी डोकेदुखी.

रंगाच्या बाबतीत तुमचा मुद्दा पटायला वेळ लागला, पण पटला. मूळ मालिकेतले कप्तानाचे ‘सोनेरी’ सदरे प्रत्यक्षात हिरवट होते. त्या काळच्या दिव्यांत आणि फिल्मवर ते सोनेरी दिसले. आता अस्सल कशाला म्हणायचं, कापडाला की चित्राला? संग्रहालयासाठी करायचं तर कापड. पडद्यासाठी करायचं तर चित्र. प्रॉपच्या रंगालाही तोच न्याय : रंगाचे तीन-चार तुकडे रंगवून, ज्या दिव्यांत शूटिंग होणार त्याच दिव्यांत आणि त्याच व्हाइट बॅलन्सवर कॅमेऱ्यातून बघायचे. टेबलावर हुबेहूब जुळलेला राखाडी स्वस्त एलईडी पॅनलखाली हिरवा मारतो.

मीठदाण्यांचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धवट. 8 सप्टेंबर 1966 ला दाखवलेल्या पहिल्या भागात मीठ खाणारा प्राणी होता. त्यासाठी आणलेल्या काही वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या प्रेक्षकांना मीठदाण्या म्हणून कळणारच नाहीत असं वाटल्याने त्या यानावरच्या डॉक्टरांची शल्यक्रियेची उपकरणं झाल्या. डॉक्टर मॅकॉय हातात धरून रुग्णावर फिरवतात तो स्कॅनर म्हणजे याच, असं अनेकजण ठोकून देतात. तुम्ही दोन्ही वस्तूंच्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवून तो गैरसमज दूर केलात, आणि स्कॅनर म्हणून मीठदाणी विकत घेणाऱ्या एका-दोघांचे पैसे वाचवलेत.

शेवटचं, पण पैशापेक्षा महत्त्वाचं. ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंटने जून 2016 मध्ये फॅन-निर्मितीसाठी जे नियम जाहीर केले, त्यांत प्रॉपचंही कलम आहे हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. सगळे 15 मिनिटांची मर्यादा, आणि दोन भाग मिळून 30, एवढंच लक्षात ठेवतात. ते कलम असं : बाजारात मिळणारे गणवेश, खेळणी, प्रॉप वापरायचे तर ते अधिकृत माल हवेत, त्यांच्या चोरट्या नकला नकोत. म्हणजे संशयास्पद रीकास्ट कितीही हुबेहूब असला, तरी कॅमेऱ्यासमोर आला की अडचण. अधिकृत वस्तूंची बिलं आणि स्वतः घडवलेल्या वस्तूंचे टप्प्याटप्प्याचे फोटो एका फाइलीत ठेवायची तुमची सूचना लगेच अमलात आणली आहे.

ट्रायकॉर्डरच्या पट्ट्याचं काम अजून बाकी आहे. पळताना सगळा झटका पट्ट्याच्या स्क्रूंवर येतो आणि पातळ प्लॅस्टिक फाटतं, म्हणून आतून 3 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली आहे. तिने वजन वाढलं, आणि डबा आता पुढे झुकतो. तुमच्याकडे पट्टा जोडण्याच्या जागांची मापं असतील तर कळवा, सवडीने. टिपणांची एकत्र प्रत सोबत जोडली आहे, खटकेल तिथे लाल करून पाठवा.

कळावे, लोभ असावा.

तुमचे ऋणी,
फॅन-भाग बनवणारी मंडळी